अस्सल कशाला म्हणायचे? लेथवर घडलेल्या सुट्या भागांविषयी

आजचा धागा लांबणार आहे, हे आधीच सांगून ठेवते. यात किल्ला नाही, तह नाही, लढाई नाही. विषय जुन्या मोटारीचा आहे. मोटारीचा एखादा भाग बाजारातून नाहीसा होतो आणि मग तो घरच्या गॅरेजमध्ये किंवा गल्लीतल्या लेथवर नव्याने घडवला जातो. त्या घडवण्याविषयी मला बोलायचे आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे: असा घडवलेला भाग हा इतिहासाचा दस्तऐवज आहे, आणि 'अस्सल' या शब्दाच्या हव्यासापायी आपण तो दस्तऐवज रोज भंगारात टाकत आहोत.

तुमच्यापैकी पुष्कळजण अमेरिकी मसल कार घरी बांधणाऱ्यांचे व्हिडिओ पाहतात. १९६४ साली पाँटिअ‍ॅकने मध्यम आकाराच्या गाडीत ३८९ घनइंचांचे, म्हणजे जवळपास ६.४ लिटरचे इंजिन घालून जीटीओ विकायला काढली. त्याच वर्षी १७ एप्रिलला फोर्डची मस्टँग आली. पुढे दशकभरात विम्याचे हप्ते, प्रदूषणाचे नियम आणि १९७३ चे तेलसंकट यांनी तो जोर ओसरला. उरली ती हौस. या हौसेमागे अमेरिकेत एक मोठा उद्योग उभा आहे. १९६७ च्या मस्टँगचा संपूर्ण सांगाडा तिथे आज नवा कोरा विकत मिळतो. म्हणून तिथला हौशी माणूस जेव्हा स्वतःच्या हाताने ब्रॅकेट कापतो, डॅशबोर्ड वळवतो किंवा सायलेन्सरचे नळे जोडतो, तेव्हा तो बहुधा आवडीचा प्रश्न असतो. आपल्याकडे तो कित्येक दशके नाइलाजाचा प्रश्न होता. हा फरक धोरणांतून आला, आणि धोरणांचा इतिहास हा आपल्याच अभ्यासक्रमाचा भाग आहे, तरीही तो असा कधी शिकवला जात नाही.

जनरल मोटर्सने १९२८ मध्ये मुंबईत शिवडीला गाड्यांची जुळणी सुरू केली होती. फोर्डही देशात होती. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स स्थापन केली आणि क्रायस्लरशी करार करून कुर्ल्यात डॉज, प्लिमथ, डिसोटो या गाड्या जोडायला घेतल्या. मग १९५३ मध्ये प्रशुल्क आयोगाच्या शिफारशीवरून सरकारने स्पष्ट केले, की ज्यांच्याकडे देशात टप्प्याटप्प्याने सुटे भाग बनवण्याचा कार्यक्रम आहे त्यांनीच इथे राहावे. निव्वळ जुळणी करणाऱ्यांनी गाशा गुंडाळला. जनरल मोटर्स १९५४ मध्ये गेली. काही वर्षांतच परकीय चलनाची टंचाई आली आणि आयातीचे दार जवळजवळ बंद झाले. म्हणजे मसल कार जन्मली, गाजली आणि विझली, तेव्हा आपण दाराच्या आत होतो. आपल्या वाट्याला आल्या त्या तिच्या मोठ्या बहिणी: चाळीस-पन्नासच्या दशकांतल्या अवजड शेव्हरोले, डॉज, प्लिमथ. गाड्या राहिल्या, कंपन्या गेल्या, सुटे भाग येईनात. आणि गाडी फेकून देण्याची ऐपत इथे कोणाचीच नव्हती.

हे सारे मला पुस्तकांतून कळण्याआधी रामदासपेठेत कळले. विद्यापीठाच्या ग्रंथालयातून परतताना वाटेत एका जुन्या बंगल्याच्या गॅरेजमधून कानसीचा आवाज येतो. तिथले काका निवृत्त अभियंते आहेत. कुर्ल्यात जुळणी झालेली एक डॉज ते सहा वर्षांपासून उभी करत आहेत. एका कोपऱ्यात छोटा लेथ, शेजारी व्हाइस, भिंतीवर टॅप आणि डाय ओळीने टांगलेले. पाण्याच्या पंपाचा दांडा त्यांनी स्वतः कातला, त्याचे बुश गनमेटलचे केले. मागच्या दिव्याभोवतीचे कडे पितळी पत्र्याचे ठोकले आणि मग क्रोम करून घेतले. कच्चा माल इतवारीच्या लोहा ओळीतून. मोठे काम असले तर शहरातल्या एका टर्नरकडे. टर्नर वयाने सत्तरीच्या पुढचे. त्यांना काका 'मिस्त्री' म्हणतात आणि 'अहो-जाहो' करतात.

एकदा काकांनी इंजिनातून काढलेले तीन बोल्ट माझ्या तळहातावर ठेवले आणि विचारले, "तू इतिहासवाली ना? सांग बघू, यातला आधीचा कोणता?" तिन्ही मला सारखेच दिसत होते. त्यांनी आट्यांवर मोजपट्टी लावली. पहिल्याचे आटे अमेरिकी: अर्ध्या इंचाच्या बोल्टला इंचामागे तेरा आटे, आट्याचा कोन साठ अंशांचा. दुसऱ्याचे ब्रिटिश व्हिटवर्थ: इंचामागे बारा आटे, कोन पंचावन्न अंशांचा. तिसरा मेट्रिक.

इथे जरा थांबू, कारण या धाग्यातली ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे. जोसेफ व्हिटवर्थने १८४१ मध्ये आट्यांचे प्रमाण सुचवले आणि ते साम्राज्याबरोबर इथे आले: रेल्वेत, गिरण्यांत, शस्त्रांच्या कारखान्यांत. इथला टर्नर ज्या टॅप-डायवर शिकला ते व्हिटवर्थचे. अमेरिकी गाडी मात्र दुसऱ्याच प्रमाणाची. दुसऱ्या महायुद्धात दोस्त राष्ट्रांचे नट-बोल्ट एकमेकांना लागेनात, याचा त्रास इतका झाला की १९४८ मध्ये अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी आट्यांसाठी वेगळा करारच केला. भारताने १९५६ मध्ये मेट्रिक मापांचा कायदा केला. आता त्या डॉजकडे पुन्हा पाहा. अमेरिकी आटे म्हणजे मूळ गाडी. व्हिटवर्थ आटे म्हणजे मूळ बोल्ट तुटल्यावर ब्रिटिश परंपरेत शिकलेल्या कोणा कारागिराने भोक मोठे करून हाताशी होते त्या टॅपने पाडलेले नवे आटे. मेट्रिक म्हणजे त्यानंतरची, बहुधा पुढच्या पिढीतली दुरुस्ती. एका ओतीव ठोकळ्यात तीन राजवटींचे थर. उत्खननात खापरांवरून आपण कालक्रम लावतो. त्याहून हे वेगळे काय आहे? उलट इथे पुरावा अधिक नेमका आहे. तो इंचामागे मोजता येतो.

आणि 'अस्सल' डॉज हवी असणारा संग्राहक पहिली गोष्ट काय करतो? ते दोन 'चुकीचे' बोल्ट फेकतो.

आता ओतकामाकडे येऊ. हा भाग मला स्वतःला सर्वांत अधिक आवडतो. समजा, एखादे ओतीव लोखंडी आवरण फुटले आहे आणि नवे मिळत नाही. सोपा मार्ग असा वाटतो, की जुनेच आवरण जोडून-चिकटवून वाळूत दाबावे, ठसा घ्यावा आणि त्यात रस ओतावा. पण ओतीव लोखंड थंड होताना आक्रसते, साधारण शेकडा एक इतके. तीनशे मिलिमीटरचा भाग तीन मिलिमीटरने लहान निघतो. भोके जुळत नाहीत. म्हणून जाणता कारागीर लाकडाचा वेगळा नमुना करतो, तो आक्रसण्याच्या हिशेबाने मोठा ठेवतो, आणि जिथे नंतर लेथवर छिलायचे आहे तिथे आणखी थोडी जाडी सोडतो. अ‍ॅल्युमिनियमसाठी हे प्रमाण निराळे. एकाच नमुन्यातून दोन धातू ओतता येत नाहीत, निदान धड येत नाहीत.

हस्तलिखितांचे काम करणाऱ्या मित्रांना यात काहीतरी ओळखीचे दिसले असेल. लेखनिक पोथीची नक्कल करतो तेव्हा चुका शिरतात. त्या नकलेवरून पुढची नक्कल झाली की चुका साचत जातात. आणि त्या साचलेल्या चुकांवरूनच आपण पोथ्यांची वंशावळ लावतो. भांडारकर संस्थेने महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीसाठी जवळपास अर्धशतक हेच तर केले. ओतीव भागांनाही अशी वंशावळ असते. जुन्या भागावरून थेट घेतलेली नक्कल एक टक्क्याने लहान. त्या नकलेवरून घेतलेली नक्कल दोन टक्क्यांनी. व्हर्निअर हाती असेल, तर समोरचा भाग मूळ आहे, नक्कल आहे की नकलेची नक्कल, याचा अंदाज बांधता येतो. पोथीतला पाठभेद आपण जपतो, त्यावर प्रबंध लिहितो. लोखंडातला पाठभेद मात्र 'लोकल माल' म्हणून भंगारात जातो. हा भेदभाव ज्ञानाच्या कसोटीवर टिकत नाही. लिहिणारा हात आणि कातणारा हात यांना आपण पूर्वीपासून लावत आलेली दोन मापेच त्यामागे आहेत.

(जाता जाता: औद्योगिक प्रशिक्षण संस्थांच्या मराठी कागदपत्रांत टर्नरला 'कातारी', फिटरला 'जोडारी' आणि वेल्डरला 'संधाता' म्हणतात. शब्द सुरेख आहेत. पण मिस्त्रींना 'कातारी' म्हटले तर ते इकडेतिकडे पाहतील. त्यांच्या कामाचे दोन इतिहास आहेत, एक शासकीय मराठीतला आणि एक बोलण्यातला, आणि दुसरा कुठेच लिहिलेला नाही.)

नागपूरकरांना हे परके वाटू नये. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल इथे १ जानेवारी १८७७ ला सुरू झाली. लँकेशायरचे गिरणीमालक जुन्या म्यूल यंत्रांना चिकटून असताना १८८० च्या दशकात या गिरणीने रिंग स्पिंडलचे प्रयोग केले. पाठ्यपुस्तकांत आपण एम्प्रेस मिल वाचतो ती भांडवलाची आणि दूरदृष्टीची कथा म्हणून. जिथे परदेशी यंत्र इथल्या उकाड्यात, इथल्या कापसावर चालते करावे लागले, ती गिरणीची दुरुस्तिशाळा त्या कथेत नसते.

मोतीबागेचेही तसेच. कडबी चौकातले नॅरोगेज रेल्वे संग्रहालय पाहिले नसेल तर अवश्य पाहा. बंगाल-नागपूर रेल्वेच्या छोट्या रुळांवर ग्लासगोच्या नॉर्थ ब्रिटिश लोकोमोटिव्ह कंपनीने बांधलेली इंजिने धावत. ही कंपनी १९६२ मध्ये बुडाली. इंजिने मात्र त्यानंतरही धावत राहिली. बनवणारा मेला आणि यंत्र जगले, तर मधल्या काळात त्याचे बुश, पिन, झडपा कोणी केल्या? रेल्वेच्या कार्यशाळांतल्या कामगारांनी. संग्रहालयातल्या पाटीवर निर्मात्याचे नाव असते आणि ते असायलाही हवे. पण त्या इंजिनाचे आयुष्य निर्मात्यापेक्षा दुरुस्ती करणाऱ्यांच्या हातून अधिक गेले आहे.

आता जरा पश्चिमेला, कोल्हापूर-सांगलीच्या पट्ट्यात. बाबूराव पेंटर यांना चित्रपट काढायचा होता. परदेशी कॅमेरा परवडण्यासारखा नव्हता. आधी त्यांनी भाऊ आनंदराव यांच्यासह खटपट केली. आनंदराव १९१६ मध्ये वारले. मग विष्णुपंत दामले यांच्या मदतीने १९१८ च्या सुमारास कॅमेरा तयार झाला, आणि १९२० मध्ये 'सैरंध्री' पडद्यावर आला. आपण 'सैरंध्री'ला भारतीय चित्रपटाच्या इतिहासात मानाचे पान देतो. कॅमेऱ्याचे दाते कसे कातले गेले, हा प्रश्न मात्र आपल्याला तळटिपेपुरताही पडत नाही.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचे उदाहरण तर गडप्रेमी मित्रांसाठी मुद्दाम देते. बेळगावात सायकलच्या दुकानापासून सुरुवात केलेल्या या माणसाने १९०३ मध्ये लोखंडी नांगर केला आणि १९१० मध्ये औंध संस्थानात किर्लोस्करवाडी वसवली. पहिल्या महायुद्धात परदेशी लोखंड येईना. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी किल्ल्यावर पडून असलेल्या जुन्या तोफा त्यांना दिल्या आणि त्या वितळवून नांगराचे फाळ झाले. आज कोणी असे केले तर आपल्या समूहांमध्ये काय भडका उडेल, याची मला कल्पना आहे. मीही त्यात असेन. पण शाहू महाराजांचा निर्णय चुकीचा होता असे छातीठोकपणे सांगायला मी तयार नाही. तोफेचे लोखंड गेले, त्याबरोबर तोफेवरचे लेख, मापे, ओतकामाच्या खुणा गेल्या; ही हानी खरी आहे. त्या वर्षी शेतकऱ्याला नांगर मिळाला, हेही खरे आहे. वस्तू जपावी की वापरावी, हा प्रश्न त्यांच्यासमोर होता आणि त्यांनी तो सोडवला. आपण निदान तो प्रश्न आहे एवढे तरी मान्य करू.

आणि मग इचलकरंजीचे शंकरराव कुलकर्णी. हे नाव तुमच्यापैकी किती जणांनी ऐकले आहे? शिक्षण सातवीपर्यंत. १९४५ मध्ये त्यांनी छोट्या मोटारीचे काम हाती घेतले आणि १९४९ मध्ये पहिली गाडी रस्त्यावर आली: दोन माणसांची, 'मीरा'. तिथे ते थांबले नाहीत. पुढची पंचवीस वर्षे ते तिची एकेक सुधारलेली आवृत्ती काढत राहिले. हवेने थंड होणारे इंजिन मागच्या बाजूला, धक्के झेलायला पोलादी पट्ट्यांऐवजी रबर. हे सगळे कापडाच्या मागांसाठी प्रसिद्ध असलेल्या गावात, जिथे मागाचा तुटलेला भाग लगेच करून देणारे लेथ आणि हात आधीपासून होते. माझ्या मते मीरेचे खरे रहस्य तिथे आहे. एकटा प्रतिभावान माणूस आकाशातून पडत नाही; त्याच्याभोवती ओतणारे, कातणारे, जोडणारे लोक लागतात. १९७५ च्या सुमारास मीरेची किंमत साधारण १२,००० रुपये ठेवता येईल असा हिशेब होता. परवाने आणि करांच्या त्या चौकटीत मीरा उत्पादनापर्यंत पोहोचलीच नाही. लोकांची छोटी गाडी म्हणून शेवटी जी आली, ती डिसेंबर १९८३ मध्ये, सरकारी कंपनीची आणि जपानी बनावटीची.

इथे मला थोडे कठोर बोलू द्या. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये गिरगाव चौपाटीवर विमान उडवले, ही गोष्ट आपल्या वर्तुळात दर महिन्याला फिरते. त्या उड्डाणाचा विश्वसनीय समकालीन पुरावा नाही. ज्या 'वैमानिक शास्त्रा'चा आधार दिला जातो, त्यातल्या आराखड्यांची तपासणी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या अभ्यासकांनी १९७४ मध्ये केली आणि ती याने उडू शकणार नाहीत असा निष्कर्ष काढला. तरी हजारो शेअर. आणि जी मोटार खरोखर धावली, जिला नोंदणी क्रमांक होता, जिची छायाचित्रे आहेत, त्या मीरेला? याचे कारण मला असे वाटते, की तळपद्यांची गोष्ट आपल्याला 'आम्ही पहिले होतो' असे म्हणू देते. मीरा तसे काही म्हणू देत नाही. ती फक्त एवढेच सांगते, की एका माणसाने तीस वर्षे रबर, पत्रा आणि लोखंड यांच्याशी झुंज दिली. अभिमानाला ही गोष्ट अपुरी वाटते. इतिहासाला ती पुरेशी असायला हवी.

वर्तमानात येऊ. सांगली जिल्ह्यातले देवराष्ट्रे, यशवंतराव चव्हाणांचे जन्मगाव. तिथल्या दत्तात्रय लोहार यांनी मुलाच्या हौसेसाठी भंगारातल्या भागांपासून छोटी जीप केली. खर्च सुमारे ६०,००० रुपये, चालू करायला दुचाकीसारखी किक. डिसेंबर २०२१ मध्ये तिचा व्हिडिओ देशभर फिरला. आनंद महिंद्र यांनी कौतुक केले आणि सोबत एक अचूक गोष्ट नोंदवली: ही गाडी नियमांत बसत नाही, तेव्हा आज ना उद्या अधिकारी ती रस्त्यावर येऊ देणार नाहीत; म्हणून तिच्या बदल्यात मी बोलेरो देतो. जानेवारी २०२२ मध्ये बोलेरो मिळाली. सर्वांनी ही सुखान्त गोष्ट म्हणून वाचली आणि त्या कुटुंबासाठी ती तशी होतीही. पण इतिहासाच्या विद्यार्थ्याने तिच्याकडे जरा तिरके पाहावे. हाताने घडवलेली वस्तू संग्रहात गेली, कारखान्यात घडलेली वस्तू रस्त्यावर आली.

कायदा काय म्हणतो? मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कारखानदाराने मुळात नमूद केलेल्या तपशिलांशी विसंगत असा बदल वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठाशीवपणे सांगितले. जुलै २०२१ मध्ये केंद्राने पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी वेगळे नियम आणले. त्यांना पाटीवर 'व्हीए' अशी अक्षरे, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, नूतनीकरणाला ५,०००. अट अशी, की गाडी मूळ स्वरूपात असावी. चासी, बॉडी किंवा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा.

हेतू चांगला आहे. जुन्या गाडीच्या कागदांवर नवी गाडी खपवणारे लोक असतात. त्यांना आळा बसायला हवा. शिवाय ब्रेक आणि स्टिअरिंग ही हौसेची जागा नव्हे. घरी ओतलेला ब्रेक ड्रम भर रस्त्यात फुटला तर त्यात समोरच्याचा जीव जातो, आणि 'ऐतिहासिक दस्तऐवज' हे त्याचे उत्तर होऊ शकत नाही. काकाही ब्रेकचे काम तपासून घेतल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर काढणार नाहीत.

माझी हरकत 'मूळ स्वरूप' या कल्पनेला आहे. पेट्रोल महागल्यावर आपल्याकडच्या कितीतरी अमेरिकी गाड्यांत डिझेल इंजिने बसवली गेली. त्यासाठी नवे माउंटिंग कापावे लागले, गिअरबॉक्स जोडायला मधली तबकडी कातावी लागली. अशी गाडी या व्याख्येत 'मूळ' नाही. पण भारतात ती पन्नासपैकी चाळीस वर्षे त्या डिझेल इंजिनावरच धावली असेल, तर तिचे भारतीय आयुष्य कोणते? डेट्रॉइटमधल्या आराखड्यात होते ते, की लग्नाच्या वरातींत आणि टॅक्सीच्या रांगेत गेले ते? वास्तूंच्या बाबतीत हा वाद जगाने कधीच पार केला आहे. १९६४ च्या व्हेनिस सनदेने सांगितले, की जीर्णोद्धार करताना इमारतीत निरनिराळ्या काळांत पडलेली भर आदराने जपावी. सगळी वास्तू एकाच शैलीची करून टाकणे हे उद्दिष्ट नव्हे. (योगायोग पाहा: मस्टँगचे आणि या सनदेचे वर्ष एकच.) जुन्या वाहनांच्या जागतिक महासंघाची ट्यूरिन सनद याच विचारावर उभी आहे. म्हणजे मी काही जगावेगळे मागत नाही. देवळाच्या यादवकालीन भिंतीवरचा पेशवेकालीन चुना खरवडू नका, असे आपण सांगतो ना? तेच मोटारीला लावा.

हे सगळे आज का लिहिते आहे, तेही सांगते. काकांचे मिस्त्री आता आठवड्यातून तीनच दिवस लेथवर उभे राहतात. त्यांच्या दुकानात नोंदवही नाही. कामे त्यांच्या डोक्यात आणि भिंतीवर खडूने लिहिलेल्या मापांत आहेत. कोणत्या गाडीच्या किंगपिनसाठी कोणत्या ट्रॅक्टरची पिन छिलून चालते, हे त्यांना विचारावे लागते. त्यांचा मुलगा दुसऱ्या व्यवसायात आहे. दुकान रिकामे होईल तेव्हा भिंतीला रंग लागेल. अभिलेखागारात मी जी कागदपत्रे हातमोजे घालून हाताळते, त्यांतल्या पुष्कळांपेक्षा त्या खडूच्या आकड्यांचे मोल मला अधिक वाटते, आणि हे विधान मी विचार करून करते आहे.

म्हणून एक प्रत्यक्ष विनंती. तुमच्या गावात असा लेथ असेल, तर जा. आधी परवानगी घ्या. दुपारच्या जेवणानंतरची वेळ बरी असते, सकाळी कामाची घाई असते. पहिल्याच भेटीत मोबाइल समोर धरू नका. भाग हातात घेऊन विचारा: हा कशाचा, कोणाच्या मापाने केला, मूळ नमुना कुठला, धातू कोणता, आटे कोणते. फोटोत शेजारी पट्टी ठेवा. कारागीर स्वतः जो शब्द वापरतील तोच लिहा. 'बुश'ला बुशच म्हणा. आणि कोणी जुनी गाडी 'मूळ स्वरूपात' आणत असेल, तर त्यांना एवढेच सांगा, की काढलेले भाग टाकू नका. एका डब्यात ठेवा, त्यावर तारीख आणि कुठून काढला ते लिहा. काकांच्या गॅरेजमध्ये असे अकरा डबे झाले आहेत. जुने बिस्किटांचे पत्र्याचे डबे. त्या तीन बोल्टांचा डबा सातवा.

नोंदी पाठवायच्या असतील तर खाली पाठवा. माणसांची नावे त्यांच्या संमतीशिवाय लिहू नका. पुढचा धागा मोतीबागेच्या कार्यशाळेवर.